महिरपी कंस आणि कोरी जागा

माणसे कशावरून वाद घालतील याचा नेम नसतो, हे धर्मगुरूला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. शेताचा बांध, विहिरीवरील पाण्याची पाळी, सणाच्या मिरवणुकीतील मानाची जागा अशा कितीतरी कारणांवरून एरवी समंजस असलेली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. परंतु ओळीच्या आरंभी सोडलेल्या कोऱ्या जागेवरून, म्हणजे जिथे काहीच लिहिलेले नाही अशा भागावरून, सुविद्य आणि शांत स्वभावाची माणसे वर्षानुवर्षे वाद घालीत आली आहेत, हे मला अलीकडे कळले. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात हा वाद जवळजवळ साठ वर्षांचा आहे. वरवर पाहता तो केवळ आवडीनिवडीचा वाटतो. त्याच्या तळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे: आपण लिहिलेले जो वाचणार आहे, त्याचा विचार आपण किती करतो?

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज मुलगा किंवा मुलगी संगणकावर काम करते. त्यांच्या जेवणाच्या ताटाशी निघणाऱ्या गोष्टी आईवडिलांना परक्या वाटतात. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडावा असे ठरवले. आमच्या धर्मग्रामात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी संगणकाचा वर्ग भरतो. शिकवणारे दोघे आमच्यातलेच. एक तरुण आहे, तो मुंबईच्या एका कंपनीत जावा या भाषेत काम करतो. दुसरी तरुणी नुकतीच अभियंता झाली आहे. तिची आवडती भाषा पायथन. दोघेही मनाने चांगली, सेवेला तत्पर. परंतु वर्गात कोणती भाषा शिकवावी यावर त्यांचे एकमत होईना. त्यातच यंदा वर्गात एक सतरा वर्षांचा दृष्टिहीन मुलगा दाखल झाला आणि हा प्रश्न केवळ रुचीचा राहिला नाही. दोघे माझ्याकडे आली. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान, धर्मविज्ञान आणि थोडेफार लॅटिन शिकलेला माणूस. न्यायनिवाडा करण्याआधी विषय समजून घेणे भाग होते. संध्याकाळच्या मिस्सेनंतर त्या दोघांनी मला जे शिकवले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते येथे सांगतो.

प्रोग्राम म्हणजे यंत्रासाठी लिहिलेल्या सूचनांची यादी. समजा, चर्चची देखभाल करणाऱ्या सेवकासाठी मी एक चिठ्ठी लिहिली:

रविवार असेल तर
मोठी घंटा वाजवा
बाजूचे दरवाजे उघडा
वेदीवरील दिवे लावा

आता प्रश्न असा, की दिवे केवळ रविवारी लावायचे की रोज? आमचा सेवक अनुभवाने जाणतो की दिवे रोजच लागतात. यंत्राला अनुभव नसतो आणि ते विचारायलाही येत नाही. ‘रविवार असेल तर’ या अटीचे राज्य कोठपर्यंत चालते, हे त्याला स्पष्ट सांगावे लागते. अटीखाली येणाऱ्या सूचनांच्या समूहाला आपण ‘गट’ म्हणू. गटाची सीमा दाखवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली रीत खुणेची:

रविवार असेल तर {
मोठी घंटा वाजवा
बाजूचे दरवाजे उघडा
}
वेदीवरील दिवे लावा

येथे महिरपी कंस उघडला तेथे गट सुरू झाला आणि मिटला तेथे संपला. दुसरी रीत जागेची:

रविवार असेल तर:
    मोठी घंटा वाजवा
    बाजूचे दरवाजे उघडा
वेदीवरील दिवे लावा

येथे कंस नाही. ज्या ओळी आत सरकवून लिहिल्या त्या अटीच्या अधीन; जी ओळ पुन्हा समासाशी आली ती स्वतंत्र. जावा ही पहिल्या रीतीची भाषा, पायथन दुसऱ्या रीतीची. सारा वाद एवढाच. पण एवढ्याशा गोष्टीला केवढा इतिहास आहे!

खुणेची रीत अधिक जुनी आणि अधिक पसरलेली. १९६० साली जानेवारीत युरोप व अमेरिकेतील काही तज्ज्ञ पॅरिसमध्ये जमले आणि त्यांनी अल्गॉल ६० या भाषेला रूप दिले. तिच्यात गटाच्या आरंभी ‘बिगिन’ आणि शेवटी ‘एंड’ हे शब्द येत. स्वित्झर्लंडचे निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये सिद्ध केलेल्या पास्कल भाषेने तीच परंपरा चालवली. अल्गॉल ६८ मध्ये तर शब्द उलटा फिरवून दार बंद करीत: ‘इफ’ने उघडलेला गट ‘फि’ने मिटे. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘जर’ने सुरू झालेले वाक्य ‘रज’ने संपावे, तसा हा प्रकार. दरम्यान केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास बीसीपीएल नावाची भाषा तयार केली आणि लांबलचक शब्दांऐवजी आटोपशीर चिन्हे वापरली. तिच्यापासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांची ‘बी’ आणि डेनिस रिची यांची ‘सी’ ही भाषा जन्मली. ‘सी’ने महिरपी कंस जगभर नेले. १९९५ साली आलेल्या जावा व जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांनी त्यांचाच वारसा घेतला.

जागेच्या रीतीचा उगमही तितकाच ठळकपणे दाखवता येतो. पीटर लँडिन या ब्रिटिश संशोधकाने १९६६ मध्ये, पुढच्या सातशे संगणक-भाषांविषयी असे काहीसे मिस्कील शीर्षक देऊन एक निबंध प्रसिद्ध केला. ओळीच्या आरंभाच्या जागेवरून रचना ओळखावी अशी कल्पना त्याने त्यात मांडली आणि तिला फुटबॉलच्या खेळातील ‘ऑफसाइड’चे नाव दिले. खेळाडू रेषेपलीकडे गेला की खेळ थांबतो, तशी ओळ ठरलेल्या समासाच्या डावीकडे आली की गट संपतो. पुढे १९७४ मध्ये डोनाल्ड कनुथ यांच्यासारख्या श्रेष्ठ संगणकशास्त्रज्ञानेही, प्रोग्रामचे तुकडे लहान होत गेले तर खुणांऐवजी ओळींच्या मांडणीने काम भागू शकेल, असा अंदाज व्यक्त केला.

ही कल्पना खऱ्या अर्थाने घराघरांत पोहोचवली ती हॉलंडने. अँमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत लॅम्बर्ट मेर्टेन्स आणि त्यांचे सहकारी नवशिक्यांसाठी ‘एबीसी’ नावाची भाषा घडवीत होते. तिच्यात गटाची खूण म्हणजे आत सरकवलेली ओळ. त्या कामात खीडो फान रोसुम हे तरुण सहभागी होते. १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, त्यांनी स्वतःची एक भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. तीच पायथन. नाव सापावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतले. विनोदाचा तो अंश भाषेतही उतरला आहे. भविष्यकाळातून महिरपी कंस आणून द्यावेत अशी विनंती पायथनमध्ये लिहिली, तर यंत्र उत्तर देते: छे, शक्यच नाही!

वर दिलेल्या तिसऱ्या उदाहरणात ‘तर’ या शब्दापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आहेत, ती वाचकांनी पाहिली असतील. त्यांची कथा मला फार आवडली. १९७८ साली पोलंडमधील याब्लोना येथे मेर्टेन्स आणि आणखी तीन विद्वान ‘एबीसी’च्या पूर्वरूपाची रचना ठरवीत बसले होते. निरनिराळे पर्याय समोर होते, एकमत होत नव्हते. तेव्हा त्यांच्यापैकी रॉबर्ट ड्यूअर यांच्या पत्नीला, कॅरिन यांना, खोलीतून बोलावून आणण्यात आले. त्यांना पहिला पर्याय समजावून सांगताच त्यांनी साधासा प्रश्न केला: ही जी वरची ओळ आहे, ती खालच्या ओळींनाही लागू आहे का? चारही विद्वान चमकले. ओळी आत सरकवलेल्या होत्या, तरी नव्या डोळ्यांना त्यांचा वरच्या ओळीशी असलेला संबंध दिसत नव्हता. त्या ओळीच्या शेवटी दोन टिंबे दिली असती तर ‘पुढे पाहा’ हे आपोआप कळले असते. यंत्राला त्या टिंबांची गरज नाही. ती आहेत वाचणाऱ्या माणसासाठी. कोऱ्या जागेचे कट्टर पुरस्कर्तेही एका लहानशा खुणेला दार उघडतात, ते असे.

आमच्या दोघा शिक्षकांचे म्हणणे आता नीट ऐकू. तरुण म्हणाला, “फादर, तुम्ही आपल्या वाड्या पाहता ना? कुंपण नसले की गुरे शिरणारच. कंस म्हणजे कुंपण.” त्यावर तरुणी उत्तरली, “कुंपण भक्कम, आणि आत केळी, पानवेल, अळू सगळे एकत्र वाढलेले. मग ती वाडी शिंपणाऱ्याने पाहायचे काय? फादर, सरी नीट ओढल्या की पाणी कोठे जाते ते दिसते.”

दोघांचेही म्हणणे मला पटले, आणि तेथेच या वादाचे मर्म हाती लागले. कंसाच्या भाषांत लिहिणारेही ओळी आत सरकवूनच लिहितात. नाहीतर प्रोग्राम माणसाला वाचताच येणार नाही. म्हणजे कंसाच्या भाषेत रचना दोनदा सांगितली जाते. एकदा कंसांनी, यंत्रासाठी. एकदा मांडणीने, माणसासाठी. जोवर दोन्ही साक्षी जुळतात तोवर सर्व ठीक. पण त्या जुळल्या नाहीत तर? यंत्र कंसांवर विश्वास ठेवते, माणूस मांडणीवर. दोघे एकच पान वाचतात आणि दोघांना निरनिराळा अर्थ लागतो.

ही केवळ कल्पना नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या फोन व संगणकांतील एक मोठा दोष उघडकीस आला आणि तो तातडीने दुरुस्त करावा लागला. सुरक्षित संकेतस्थळाशी जोडणी करताना समोरच्याची स्वाक्षरी खरी आहे की नाही, हे तपासणारा तो प्रोग्राम ‘सी’ भाषेत होता. या भाषेत अटीखाली एकच सूचना असेल तर कंस न देण्याची मुभा आहे. तेथे ‘चूक आढळली, तपासणी सोडून बाहेर जा’ अशा अर्थाची ओळ चुकून दोनदा आली. दोन्ही ओळी एकाखाली एक, सारख्याच आत सरकवलेल्या. पाहणाऱ्याला वाटावे की दोन्ही अटीच्याच ताब्यात आहेत. यंत्राच्या लेखी मात्र पहिलीच ओळ अटीची होती, दुसरी स्वतंत्र. म्हणून चूक असो वा नसो, यंत्र दरवेळी बाहेर पडे आणि स्वाक्षरीची खरी तपासणी होतच नसे. त्याच जाळ्यावर बसलेल्या एखाद्या लबाडाला दुसऱ्याचे सोंग घेणे त्यामुळे शक्य झाले होते. पुढे २०१६ मध्ये ‘सी’साठी वापरल्या जाणाऱ्या जीसीसी या साधनात, मांडणी आणि अर्थ यांत फारकत दिसली तर इशारा देण्याची सोय आली.

तरुणीने हे उदाहरण मोठ्या उत्साहाने सांगितले. पण न्यायाने पाहता ते कंसाच्या विरुद्ध नाही. कंस लिहिला असता तर ती दुसरी ओळ कुंपणाच्या आतच राहिली असती आणि काही बिघडले नसते, असे तरुणाचे उत्तर होते. तेही खरे आहे. गो, रस्ट, स्विफ्ट या नव्या भाषांनी अशा ठिकाणी कंस सक्तीचे केले आहेत. दोष कंसाचा नव्हता आणि जागेचाही नव्हता. एकाच पानाने दोघा वाचकांना दोन गोष्टी सांगाव्यात, हा खरा दोष होता.

पायथनमध्ये ही फारकत सहसा संभवत नाही, कारण माणूस जे पाहतो तेच यंत्र वाचते. पण कोऱ्या जागेची स्वतःची दुर्बलता आहे: ती दिसत नाही. संगणकाच्या कळफलकावर जागा सोडण्याच्या दोन कळी असतात. स्पेस ही कळ एकेक घर पुढे जाते, तर टॅब एकदम उडी मारते. पडद्यावर दोन्हींचे फळ सारखेच दिसू शकते. यंत्राला मात्र ती दोन निराळी अक्षरे असतात. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या ‘मेक’ नावाच्या साधनात काही ओळींच्या आरंभी टॅबच हवा, स्पेस चालत नाही. या न दिसणाऱ्या नियमाला अडखळलेले लोक आजही भेटतात. पायथनमध्ये प्रत्येक पातळीला चार स्पेस सोडाव्यात असा संकेत आहे आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून टॅब व स्पेस यांची संदिग्ध सरमिसळ यंत्र स्वीकारीतच नाही. शिवाय मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना ओळीच्या आरंभीची जागा गळून पडू शकते. कंस हरवला तर यंत्र ओरडते. जागा हरवली तर कधीकधी अर्थ गुपचूप बदलतो. गो भाषेच्या कर्त्यांनी कंस निवडताना हेच कारण दिले होते. दुसऱ्या भाषेच्या पोटात ठेवलेला पायथनचा तुकडा मांडणी हलल्याने कोणाच्या लक्षात न येता बिघडतो, हे त्यांनी अनुभवले होते.

येथवर आल्यावर मला माझ्या जुन्या अभ्यासाची आठवण होणे स्वाभाविक होते. प्राचीन लॅटिन हस्तलिखितांत शब्द एकमेकांना चिकटून लिहिलेले असत. वाचणारा मोठ्याने वाचत जाई आणि आवाजाने शब्द सुटे करी. संत जेरोम (मृत्यू इ.स. ४२०) यांनी यशया संदेष्ट्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला, तेव्हा त्यांनी तो अर्थाच्या लहान-मोठ्या तुकड्यांनुसार ओळी पाडून लिहिला. प्रस्तावनेत त्यांनी खुलासाही केला की ओळी तुटक दिसतात म्हणून हे पद्य समजू नये. डेमोस्थेनिस आणि सिसेरो यांचे गद्यही असेच लिहिले जाते आणि वाचकाची सोय हा त्यामागील हेतू आहे. इंग्लंडच्या उत्तरेस वेअरमाउथ-जॅरो मठात इ.स. ७०० च्या आसपास सिद्ध झालेली आणि आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात असलेली बायबलची भव्य प्रत याच पद्धतीने लिहिलेली आहे. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी रूढ केली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, चिकटलेले शब्द त्यांना आपसूक सुटत नव्हते, म्हणून त्यांना जागेची गरज भासली. रोमन मिस्साग्रंथातील युखरिस्त प्रार्थना आजही अर्थानुसार पाडलेल्या लहान ओळींत छापली जाते, ती वाचणाऱ्याचा श्वास योग्य ठिकाणी थांबावा म्हणून.

आपल्या मराठीचा अनुभव वेगळा नाही. मोडी लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्द तोडण्याची चाल नव्हती. सरावलेल्या कारकुनाला त्याने काही अडत नसे. नवख्याला मात्र घाम फुटे. स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. कोरी जागा काय आणि विरामचिन्ह काय, दोन्हींचा जन्म एकाच कारणाने झाला. जाणत्याला त्यांची गरज नव्हती. जो कमी जाणतो, ज्याला ती भाषा परकी आहे, त्याच्यासाठी ती आली.

या संस्कारामुळे माझा कल कोऱ्या जागेकडे झुकला, आणि अजूनही झुकलेला आहे. पण आमच्या वर्गातील त्या दृष्टिहीन मुलाने या आवडीला एक अट जोडली. सगळ्यांचे बोलणे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “फादर, तुम्हां सर्वांना जागा दिसते. मला ती कोणीतरी सांगावी लागते.”

तो संगणक कानाने वापरतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा एन्व्हीडीए नावाचा प्रोग्राम आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याचा आरंभ केला आणि तो विनामूल्य मिळतो. हा प्रोग्राम कंस मोठ्याने उच्चारू शकतो. परंतु ओळीच्या आरंभीची जागा, मुद्दाम सांगितले नाही तर, मुकाट्याने ओलांडून जातो. आपल्या डोळ्यांना जी मांडणी निसर्गसिद्ध वाटते, ती त्या मुलाच्या पानावर अस्तित्वातच नव्हती. त्याच्या एका नातलगाने सुचवले की त्याला संगणकाऐवजी पेटी शिकायला बसवावे, ते त्याला झेपेल. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. कोणती चिन्हे वापरावी या प्रश्नावर एका मुलाचे वर्गात असणे वा नसणे अवलंबून होते.

तरुणाला वाटले, आता कंसांचा विजय निश्चित. आठवडाभर दोन्ही रीती करून पाहाव्यात असे ठरले. कंसांच्या भाषेत त्या मुलाला आरंभ छान कळे. शेवटी मात्र तीन-चार गट एकत्र मिटत आणि कानावर ‘कंस बंद, कंस बंद, कंस बंद’ एवढेच येई. कोणता कंस कोणाचा, हे बोटांवर मोजावे लागे. दरम्यान तरुणीने शोधून काढले की एन्व्हीडीएमध्ये जागा स्वरांनी ऐकवण्याची सोय आहे. एक स्पेस वाढली की स्वर थोडा चढतो. एक टॅब म्हणजे चार स्पेसइतका चढ. आमच्या गायकवृंदात गाणाऱ्या त्या मुलाला हे दोन दिवसांत साधले. ओळ आत गेली की स्वर वर, बाहेर आली की खाली.

त्याने पायथन निवडली. पण आपली एक खूण तिच्यात घातली. पायथनमध्ये ओळीच्या आरंभी एक ठरावीक चिन्ह दिले की यंत्र ती ओळ वाचीतच नाही. ती केवळ माणसासाठी असते. प्रत्येक मोठ्या गटाच्या शेवटी तो अशी एक ओळ लिहितो: ‘जर संपले’. तरुण ते पाहून हसला आणि म्हणाला, “फादर, हा तर अल्गॉल ६८ ला परत गेला!” वर्गातील डोळस मुलांनाही त्याचा प्रोग्राम वाचणे सोपे जाते, असे तरुणीने मला सांगितले.

अभ्यासकांचे निष्कर्षही कोणा एका पक्षाच्या पदरात सारे दान टाकीत नाहीत. १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ओळी दोन ते चार घरे आत सरकवलेल्या असतील तर प्रोग्राम अधिक चांगला समजतो, असे आढळले. अँड्रियास स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी २०१३ मध्ये नवशिक्यांवर केलेला अभ्यास त्याहून बोलका आहे. त्यांनी एक भाषा अशी घेतली की जिचे शब्द निव्वळ यदृच्छेने, वाटेल तसे निवडलेले होते. ‘सी’च्या वळणाच्या पर्ल व जावा या भाषांत नवशिक्यांची अचूकता त्या वाटेल तशा भाषेहून फारशी सरस ठरली नाही. पायथन, रुबी आणि क्वोरम यांच्यात मात्र ती सरस ठरली. यांपैकी पायथन जागेने गट दाखवते, तर रुबी व क्वोरम ‘एंड’ या शब्दाने. क्वोरमचा आरंभ तर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीच झाला होता. म्हणजे नवख्याला जागा चालते, साधा शब्दही चालतो.

समेटाचे मार्गही या क्षेत्रातील लोकांनीच शोधले आहेत. १९९० मध्ये आलेल्या हॅस्केल भाषेत दोन्ही रीतींना मुभा आहे: हवे तर ओळींच्या मांडणीने लिहा, हवे तर कंस द्या. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने कंस ठेवले, पण सोबत एक असे साधन दिले की जे प्रत्येकाचा प्रोग्राम एकाच ठरावीक मांडणीत बसवून देते. ती मांडणी कोणाचीच आवडती नाही, तरी ते साधन सर्वांना आवडते, असे तिच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक गमतीने म्हणतात. माझी आवड थोडी बाजूला ठेवली म्हणून सर्वांचे वाचन सुकर झाले, यातील समाधान एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणालाही कळेल.

आपल्या घरातील मुले उद्या विचारतील की कोणती भाषा आधी शिकावी. त्यांना खुशाल सांगावे की कोणतीही शिका. कंसांची शिका किंवा जागेची शिका, एकदा विचार करण्याचे वळण लागले की दुसरी भाषा थोड्या आठवड्यांत हाताखाली येते. मात्र दोन सवयी पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा. कंस लिहीत असाल तर ओळींची मांडणी त्यांच्याशी जुळती ठेवा, म्हणजे तुमचे पान यंत्राला एक आणि माणसाला दुसरे असे सांगणार नाही. आणि लिहून झाल्यावर ते पान शेजारच्याला, तुमच्याहून कमी जाणणाऱ्याला, वाचायला द्या. तो जेथे अडखळेल तेथे एक खूण करा किंवा थोडी जागा सोडा.

आमच्या वर्गातील तो मुलगा आता त्याच्याहून लहान तिघांना शिकवतो. त्यांच्या ओळी तो कानाने तपासतो, आणि जागा चुकली की सर्वांच्या आधी त्याला कळते.